निघण्याआधीची पाखरं
(रेडिओवरील भाषण)

नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला कधी जावं, असं विचारलं की लोक डिसेंबर-जानेवारी सांगतात. तेव्हा पाण्यावर बदकांची दाटी असते, हे खरंच आहे. तरी मला विचाराल तर मी फाल्गुनाचा शेवट सांगेन, आणि जमलं तर सायकलनं जा म्हणेन. हिवाळ्यात पाखरं तिथं मुक्कामाला असतात. मार्च लागला की त्यांची निघायची तयारी सुरू होते, आणि ती तयारी साध्या दुर्बिणीतूनसुद्धा दिसते.

आधी जागेविषयी थोडं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याकडची शेती उभी राहिली. पुढे जलदगती कालवा झाला आणि इथलं पाणी वैजापूर-गंगापूरकडे जाऊ लागलं. या सगळ्या काळात दोन्ही नद्या दर पावसाळ्यात गाळ आणून बंधाऱ्यामागे टाकत राहिल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण तेवढं पाणी कमी मावतं. पण याच गाळानं जलाशय उथळ केला, मध्ये बेटं उभी केली, पाणवनस्पतींना मूळ धरायला जमीन दिली. पाण्यात डोकं खाली आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना हवी असते ती एवढीच खोली. 1986 मध्ये इथं अभयारण्य जाहीर झालं, आणि 2020 च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. भरतपूरचं पाणीही माणसानंच बांध घालून अडवलेलं आहे, म्हणून मला हे नाव पटतं.

निफाडहून अभयारण्याच्या काठावरच्या खानगाव थडीकडे सायकलनं निघालात तर अंतर बारा-एक किलोमीटर. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव नेहमी असतं, त्यामुळे मार्चमध्येही पहाटे अंगावर स्वेटर लागतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. तोडणीचे दिवस असल्यानं उजाडायच्या आत बागेत माणसं आलेली असतात आणि क्रेट लादलेल्या पिकअप गाड्या उभ्या असतात. मध्येमध्ये उन्हाळ कांदा आणि पिवळा पडलेला गहू. पक्षी बघायला आलेली गाडी हे सगळं मागे टाकून थेट पक्षी बघायच्या मनोऱ्यापाशी थांबते. सायकलवर मात्र कळतं, की अभयारण्य या शेतांतच सुरू झालेलं असतं. तारेवर नीलपंख बसलेला असतो. गव्हावर कापशी घार एका जागी पंख फडफडवत उंदीर शोधत असते. कुठं भरणं चालू असेल तर पाण्याच्या कडेनं पिवळे धोबी पळत असतात. जानेवारीत मळकट दिसणारे यांतले नर आता हळदीसारखे पिवळेजर्द झालेले दिसतात. पिसं बदलून ते विणीच्या वेषात आलेले असतात; इथून उत्तरेकडे जाऊन घरटी करायची आहेत.

सायकलवर कानही मोकळे असतात. बांधावरून जाताना डाव्या-उजव्या हाताला काय चाललंय ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्यांची भांडणं, टिटवीचा ओरडा, उघड्या पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे तुटक आवाज. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चालत्या सायकलकडे पाखरं फारसं लक्ष देत नाहीत. ती घाबरतात सायकल थांबली की. म्हणून पक्षी दिसल्याबरोबर ब्रेक दाबू नका. त्याच चालीनं पुढे जा, थोड्या अंतरावर झाडाआड सायकल उभी करा आणि मग दुर्बीण लावा. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. दहा वाजले की पाण्यावर ऊन नाचायला लागतं आणि दूरचे रंग कळेनासे होतात.

आता बदकं. भुवई बदकाचा नर तुम्ही एकदा पाहिलात तर विसरणार नाही. तपकिरी डोकं आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी भुवई. मार्चमध्ये हा नर मान मागे टाकून कोरडा, खरखरीत आवाज काढताना दिसतो. हे मादीपुढचं प्रदर्शन आहे. तलवार बदकं, थापटे यांचंही तेच चाललेलं असतं. यांतल्या बहुतेक बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामीच जमतात. आणि मग नर जातो तो मादीच्या मागोमाग, ती जिथं जन्मली त्या पाणथळीकडे, मग ती मध्य आशियात असो की सैबेरियात. म्हणजे निफाडच्या पाण्यावर सोयरीक जमते आणि नवरा घरजावई होऊन सासरी जातो. मला या पक्ष्यांविषयी कळलेल्या गोष्टींत ही सगळ्यात आवडती आहे, कारण तिच्यामुळे हे पाहुणे आहेत ही आपली समजूतच डळमळते. ज्यांचं आयुष्याचं इतकं मोठं काम इथं ठरतं, त्यांचं हेही घरच म्हणायचं.

निघायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं? मुख्य खूण दिवसाच्या लांबीची. 21 मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, आणि पुढे दिवस वाढत जातो. नवल असं, की ही वाढ पक्षी केवळ डोळ्यांनी मोजत नाहीत. 1930 च्या दशकात जाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की प्रकाश कवटीतून आत जाऊन थेट मेंदूला जाणवतो आणि त्यावर बदकाचं शरीर विणीच्या तयारीला लागतं. पाठोपाठ भूक वाढते. कातडीखाली चरबी साठते. लांबच्या प्रवासाचं इंधन तेच. म्हणून या दिवसांत चिखलावरचे पक्षी क्षणभरही थांबत नाहीत. लांब चोचीचे पाणटिवळे पोटापर्यंत पाण्यात उभे राहून चोच खुपसत असतात, आणि त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढायला लागलेला असतो. तुतवार आणि चिखले त्यांच्या पायांमधून धावपळ करतात.

हा चिखल उघडा पडतो तो आपल्या पाण्याच्या हिशेबामुळे. वरच्या बाजूच्या दारणा आणि गंगापूर धरणांतून पाणी सुटतं, बंधाऱ्यात येतं, कालव्यांना जातं. पाणी सोडण्याची ही पाळी, म्हणजे आवर्तन, चालू असताना पातळी चढते, संपल्यावर उतरते. पाणी हळूहळू उतरलं तर काठाची ओली पट्टी रोज थोडी पुढे सरकते आणि पाणपक्ष्यांना रोज नवं ताट मिळतं. एकदम चढलं तर ते ताट बुडतं. शिवाय नदीबरोबर वरून पाणवेली येतात आणि उघडं पाणी झाकून टाकतात, तो वेगळाच त्रास.

पण मला जास्त काळजी वाटते ती इथंच राहणाऱ्या एका पक्ष्याची. नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. वाऱ्यावर तरंगत येतो आणि पाण्यावर झेप टाकून मासा उचलतो. बाकीचे उत्तरेकडे निघतात तेव्हा याची वीण सुरू होते. नदीपात्रात उघड्या पडलेल्या वाळूच्या किंवा खडकाळ बेटावर, नुसत्या खळग्यात, हा अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही, आडोसा नाही. तीन आठवड्यांच्या आसपास उबवणं चालतं, आणि पिल्लांना उडता यायला त्याहून जास्त दिवस लागतात. नेमक्या याच महिन्यांत उन्हाळी आवर्तनं असतात. शेताला पाणी हवंच. कांद्याला आणि द्राक्षाला थांबा असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणणार नाही. पण बेट बुडायला पातळी हातभर चढली तरी पुरते, आणि ती हातभर पातळी एका रात्रीत चढवायची की चार दिवसांत, किंवा बेटाखाली धरून ठेवता येईल का, हे बंधाऱ्याची दारं चालवणाऱ्यांना ठरवता येतं. त्यासाठी अंडी कुठल्या बेटावर आहेत हे त्यांना वेळेवर कळायला हवं.

म्हणून काठावरच्या गावांतल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. चैत्र-वैशाखात तुमच्या बाजूच्या बेटावर सुरय बसलेले दिसले, तर जवळ जाऊ नका, कुत्री तिकडे जाऊ देऊ नका, आणि वनरक्षकाला त्याच दिवशी सांगा: कुठलं बेट, पाण्यापासून किती उंच, अंदाजे किती पक्षी. एवढी माहिती आवर्तन सुटायच्या आधी पोचली, तर दारांवरच्या माणसाला काही करता येईल.