कच्च्या कैदेचे दिवस

खटला संपायच्या आधी आरोपीनं कोठडीत काढलेले दिवस त्याच्या शिक्षेतून वजा करायचे, हे आपल्या कायद्यानं 1974 पासून मान्य केलं आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 428 वं कलम ते हेच; आता ते नागरिक सुरक्षा संहितेत 468 वं झालं. जन्मठेपेच्या कैद्यालाही ही वजावट मिळते, असं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं 1985 मध्ये भगीरथ खटल्यात ठरवलं. पण कैद्याच्या हाती हा हक्क पडतो तो एका साध्या दाखल्यामुळे. अटक कधी, जामीन कधी, पुन्हा आत कधी, एकूण दिवस किती, एवढंच त्यात असतं. त्यातली एक तारीख राहून गेली, की माणूस तेवढे दिवस विनाकारण आत राहतो. दुरुस्तीचा अर्ज केला आणि तो तसाच पडून राहिला, तर त्यानं काय करायचं?

अशा वेळी उच्च न्यायालयानं खालच्या न्यायाधीशाला ‘अर्ज निकाली काढा’ असा आदेश द्यावा, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातले कैदी याच कारणासाठी वरच्या कोर्टाकडे असा आदेश मागतात. हा न्यायाधीशाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असा आक्षेप येईल. तो मला पटत नाही. काय निकाल द्या हे त्यात सांगितलेलं नसतं. निकाल द्या, एवढंच असतं. नकार मिळाला तर वर दाद मागता येते. अर्ज नुसता पडून असेल, तर दाद मागायची कशाविरुद्ध?

दुसरा आक्षेप असा, की हिशेब नेहमी सरळ नसतो. हे खरं आहे. एकाच वेळी दोन खटल्यांत कच्च्या कैदेत असलेल्याचे दिवस दोन्ही शिक्षांतून वजा करायचे का, यावर महाराष्ट्रातल्या नजाकत अली प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही एकमत झालं नाही. ‘होय’ हा कौल बहुमतानं आला. पण प्रश्न अवघड असेल, तर कारणं देऊन निर्णय लिहिण्याची गरज उलट वाढते. कामाचा बोजाही मोठा आहे, मान्य. तरी कागद न हलण्याची किंमत मध्य प्रदेश राज्यानं मोजली आहे. सागर जिल्ह्यातल्या खटल्यातल्या एका कैद्याची जन्मठेप 2017 मध्ये सात वर्षांवर आली, तरी तो सुटला 2025 मध्ये. तिथे प्रश्न वजावटीचा नव्हता, पण दुखणं हेच होतं. सर्वोच्च न्यायालयानं सरकारला 25 लाख भरपाई द्यायला लावली. घटनेच्या 227 व्या अनुच्छेदानुसार खालच्या कोर्टांसाठी नियम आणि नमुने ठरवून देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. शिक्षा सुनावतानाच हा दाखला आरोपी आणि त्याच्या वकिलासमोर वाचून दाखवावा आणि दुरुस्तीच्या अर्जाला मुदत असावी, एवढा नियम त्यानं करावा.