गुरुवारची रात्र



समीक्षकांच्या या व्यासपीठावरून सिनेमाच्या सौंदर्यशास्त्राबद्दल बोलण्याची प्रथा आहे. मी आज सिनेमा पाहणाऱ्या माणसाची पाठ, त्याचे डोळे आणि त्याची झोप यांबद्दल बोलणार आहे.

गुरुवारची रात्र आपल्याला तोंडपाठ आहे. प्रेस शो सुटेपर्यंत अकरा वाजून जातात. परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर परीक्षण लिहायचं, घरी पोहोचल्यावर त्याच चित्रपटावर कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि उजाडायच्या आत स्टार किती ते कळवायचं. शुक्रवारी आणखी दोन चित्रपट असतात. शिवाय आठ भागांच्या वेब सिरीजची लिंक आलेली असते, तीही लवकरच बंद होणारी. दोन तास पडद्यावर हिंसा पाहिल्यानंतर ती मनातून उतरायलाही सवड लागते. ती मिळत नाही, आणि सकाळी फोन उघडावा तर चाहत्यांच्या शिव्या वाट पाहत असतात. आपल्यातल्या स्त्रियांना त्या किती हीन पातळीवर सोसाव्या लागतात, हे मी वेगळं सांगायला नको. मुक्त लेखन करणाऱ्यांना मानधन लेखामागे मिळतं. तापाने पडलं की तो आठवडा कोरडा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो, असं त्यात आढळलं. आपले तास कोणी मोजतच नाही.

तासांची तक्रार केली की अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांचं उदाहरण दिलं जातं. कर्करोगाने वाचा गेली, तरी 2012 या एका वर्षात त्यांनी 306 चित्रपटांवर लिहिलं. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या आकड्याचा मापदंड करून तो तरुणांच्या डोक्यावर ठेवू नका. 1967 पासून ते एकाच वृत्तपत्राचे समीक्षक होते. आपल्या तरुणांच्या पाठीशी कोणीही नाही.

आपल्याकडे कायदा नव्हता असंही नाही. श्रमिक पत्रकारांसाठीच्या 1955 च्या कायद्याने चार आठवड्यांत जास्तीत जास्त 144 तास काम आणि दर सात दिवसांत सलग 24 तास विश्रांती ठरवून दिली होती. व्याख्येत अग्रलेख लिहिणारे होते, व्यंगचित्रकार होते, मुद्रितशोधकही होते. समीक्षकाचा उल्लेख नव्हता. तरीही नोकरीतल्या समीक्षकाला त्या कायद्याचा आधार घेता येत असे. आज परीक्षणं लिहिणारे बहुतेक जण नोकरीतच नाहीत, आणि मला जास्त घोर आहे तो त्यांचा.

आता थोडा अवघड मुद्दा. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर 48 तास परीक्षण येऊ नये, अशी शिफारस केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी 2024 मध्ये केली. त्याच वर्षी तमिळ निर्मात्यांची संघटना तीन दिवसांच्या बंदीसाठी मद्रास उच्च न्यायालयात गेली. अशा सक्तीला माझा ठाम विरोध आहे. वाईट चित्रपटाला वाईट म्हणायचा हक्क पहिल्या खेळापासून आपला आहे. मात्र दुसऱ्याने लादलेलं मौन वेगळं आणि विचारासाठी आपण मागून घेतलेला वेळ वेगळा. निर्मात्यांच्या धाकाने आपण ही दुसरी मागणी सोडून दिली, तर परीक्षण लवकरात लवकर टाकायची शर्यत तेवढी उरेल. रात्री दोन वाजता लिहिलेल्या परीक्षणात कथानक असतं, अभिनयाला दिलेली विशेषणं असतात. दिग्दर्शकाने कॅमेरा तिथेच का ठेवला, हे सुचायला झोप झालेली असावी लागते. शुक्रवारी सकाळी बातमीपुरता मजकूर जावा आणि समीक्षा रविवारी यावी, एवढी व्यवस्था संपादकांना अशक्य नाही.

म्हणून ठरावाचा मसुदा केला आहे. प्रेस शो दुपारी असावेत. एका समीक्षकाकडून आठवड्याला तीनहून अधिक परीक्षणं मागू नयेत. तिकीट आणि प्रवासाचा खर्च मानधनातून कापू नये. धमक्या आल्या तर तक्रार परीक्षण प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने स्वतः पोलिसांत नोंदवावी. आजारी सहकाऱ्यांसाठी आपण एक निधी उभारावा, आणि त्यात पहिली भर ज्येष्ठांनी घालावी. माझा धनादेश मी कार्यवाहांकडे दिला आहे.

हा मसुदा मुंबईत बसून लिहिला आहे. जिल्ह्यांच्या गावी प्रेस शो होत नाहीत; तिथले समीक्षक पदरच्या तिकिटाने पहिला खेळ पाहून लिहितात. त्यांनी आपल्या अडचणी आज संध्याकाळपर्यंत लिहून द्याव्यात, म्हणजे उद्या ठराव मांडताना त्या कलमांत घालता येतील.