रविवारची बैठक, सोमवारचा हौदा

पूर्वी आपल्याकडे घरात बैलगाडी असे ती एकच. पण तिची कामे अनेक. काल जिच्यातून शेणखत वाहिले, तीच गाडी धुऊन-पुसून, वर तट्ट्या बांधून, आज पोराबाळांना घेऊन जत्रेला निघे. दोन गाड्या ठेवण्याची ऐपत कुणाला होती?

हीच अडचण मोटारीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकरी बाईला पडली. गिप्सलँड नावाच्या भागातली ही बाई. १९३० नंतरच्या मंदीचे दिवस होते. तिने जिलाँग येथील फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, असे सांगतात. मागणे साधेच होते. रविवारी न भिजता प्रार्थनेला जाता यावे आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजारात नेता यावीत. कंपनीतल्या लुईस बँट या तरुण आरेखकाने ते काम हाती घेतले आणि १९३४ साली तशी गाडी बाजारात आली. पुढे मोटारीची बैठक आणि दारे, मागे माल वाहण्याचा हौदा. आणि दोन्हींचा पत्रा एकसंध. ऑस्ट्रेलियातले लोक तिला लाडाने ‘यूट’ म्हणू लागले.

अमेरिकेत १९५७ साली फोर्डने ‘रँचेरो’ काढली, १९५९ साली शेव्हरलेटने ‘एल कॅमिनो’. एल कॅमिनो म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘रस्ता’. पण तिकडे एक निराळेच वारे वाहू लागले होते. मध्यम आकाराच्या मोटारीत अवाढव्य इंजिन बसवायचे आणि वाऱ्याशी शर्यत लावायची, अशी तरुणांची हौस. अशा मोटारींना तिकडे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार दंडाची मोटार म्हणतात. एल कॅमिनो मोटारीच्याच सांगाड्यावर उभी, तेव्हा तिलाही तेच इंजिन लाभले. १९७० साली तिच्यात ७.४ लिटरचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. आपल्या शेतातला ट्रॅक्टर पंचेचाळीस अश्वशक्तीचा धरा, त्याच्या दहापट!

शिक्षकमित्रांसाठी एक खुलासा करतो. हा आकडा इंजिन सुटे काढून, त्याच्यामागची इतर ओझी दूर करून मोजलेला आहे. १९७२ पासून तिकडे गाडीत बसवलेल्या स्थितीतल्या इंजिनाची शक्ती सांगण्याची पद्धत आली, आणि आकडे एकदम खाली आले. म्हणून जुने व नवे आकडे एका तराजूत घालू नयेत.

आता गंमत पाहा. शक्ती आली, पण हौदा राहिला रिकामा. जड इंजिन पुढे, जोर मात्र मागच्या चाकांवर, आणि त्या चाकांवर वजन नाही. चिखलात ट्रॅक्टरची चाके घसरू लागली की आपण काय करतो? टायरात पाणी भरतो, वजने लावतो. चाकावर भार जितका अधिक, तितकी त्याची जमिनीवर पकड अधिक. हाच नियम इथे उलटा फिरतो. जोराने पाय दाबला की चाके जागच्या जागी फिरतात, टायर जळतो, ओल्या वळणावर गाडीचे ढुंगण बाजूला फेकले जाते. म्हणून जाणते लोक हौद्यात वाळूची पोती टाकत. ज्या हौद्याला वेगाच्या नादात विसरले, त्याचीच आठवण अशी ठेवावी लागे!

या गाड्या आता नव्या मिळत नाहीत. रँचेरो १९७९ साली बंद झाली, एल कॅमिनो १९८७ साली. ऑस्ट्रेलियात फोर्डने २०१६ साली आणि होल्डनने २०१७ साली मोटारी बनवणेच थांबवले. म्हणून हौशी लोक जुन्या गाड्या शोधून त्यांचा जीर्णोद्धार करतात. हे काम सोपे नव्हे. हौद्याच्या तळाशी पाणी साचून पत्रा कुजलेला असतो. वरवर लांबी भरून रंग दिला तर वर्षात फुगतो. कुजका भाग कापून नवा पत्राच जोडावा लागतो. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याचा लेप झडपांच्या बैठकींना झीज लागू देत नसे. आजच्या पेट्रोलमध्ये ते नाही, म्हणून बैठकी कठीण धातूच्या घालाव्या लागतात. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक असतील, तर पुढे तरी डिस्क ब्रेक घालावेत, असे पुष्कळजण मानतात. काहीजण म्हणतात, नाही, होते तसेच ठेवा.

मला वाटते, इथे हट्ट बरा नाही. पळण्याची ताकद वाढवली तर थांबण्याची ताकदही वाढवलीच पाहिजे. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही. ज्या लुईस बँटने पहिली यूट आखली, तोच १९८७ साली जीर्णोद्धार केलेली १९३४ची यूट चालवत असताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. रस्त्यावरची रहदारी बदलली, हे जुन्या गाडीला कळत नाही. ते आपल्याला कळावे लागते.

आणि दुसरी गोष्ट हौद्याची. पुष्कळ ठिकाणी या गाड्या अशा चकचकीत होतात, की हौद्यात पोते टाकायला मालकाचा हात धजत नाही. वर ताडपत्री ओढतात आणि प्रदर्शनात उभी करतात. देऊळ बांधून काढावे आणि दाराला कुलूप घालावे, तसेच हे. त्या शेतकरी बाईने शर्यत मागितली नव्हती, शोभाही मागितली नव्हती. दोन कामांची एक गाडी मागितली होती. इंजिन गर्जू द्या, रंग झळकू द्या. पण वर्षाकाठी एकदा तरी त्या हौद्यातून चार पोती बाजारात जाऊ द्यात. हौद्याला एखादा ओरखडा पडला, तर तो त्या गाडीचा मानच समजावा.

आपल्या घरीही आजोबांची एखादी जुनी गाडी, नांगर, मोट गोठ्यात पडलेली असेल. ती दुरुस्त कराल तेव्हा आधी एवढेच विचारा, की ही वस्तू कशासाठी केली होती? उत्तर मिळाले, की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजा.