घरचा अभ्यास : मुलांची सवय आणि मोठ्यांचा दिनक्रम



स्नेहसंमेलनाचा मांडव उतरतो न उतरतो तोच परीक्षांचे वेध लागतात, आणि ज्या मुलामुलींचे आज टाळ्यांच्या गजरात कौतुक झाले त्यांनाच घरोघरी ‘अभ्यासाला बस’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकावे लागते. हे वाक्य ज्या घरात जितक्या वेळा उच्चारावे लागते तितकी त्या घरात अभ्यासाची सवय कमी रुजलेली असते, असे म्हणण्यास हरकत नसावी. कारण सवय म्हणजे ठरावीक वेळ झाली, ठरावीक जागी बसले की कोणी न सांगता आणि मनाशी फारसे न झगडता घडणारी कृती. ती वेळ आणि ती जागा ठरविणे लहान मुलांच्या हाती नसते, ते घरातील मोठ्यांच्या हाती असते. म्हणूनच मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न हा मुळात मोठ्यांच्या दिनक्रमाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील अनेक घरांत काही पिढ्यांपूर्वीपर्यंत परवचा म्हणण्याची रीत होती. परवचा म्हणजे दिवेलागणीला देवापुढे दिवा लागल्यावर मुलांनी हातपाय धुऊन एकत्र बसावे आणि पाढे, त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड अशा अपूर्णांकांचे पाढे मोठ्याने म्हणावेत. या रीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी होती, चुकले की पाठीत धपाटा होता, आणि शिक्षणाचा अधिकारच ज्यांना नाकारला गेला होता त्यांच्या उंबरठ्यापर्यंत ती पोचली नव्हती. तरीही तिची बांधणी विचार करण्यासारखी आहे. वेळ झाल्याचे कोणाला सांगावे लागत नसे, कारण दिवा लागणे हीच खूण होती. घरातील एखादे वडीलधारे माणूस ऐकत बसलेले असे. आणि पुस्तक समोर नसल्यामुळे जे म्हणायचे ते आठवूनच म्हणावे लागे.

यातील शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आधुनिक मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखवून दिले आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ केल्यावर विस्मरण पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे किंचित सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर सांगता आला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘आले’ असे वाटते, आणि हे वाटणेच परीक्षेच्या दालनात दगा देते.

याचा घरगुती उपयोग अगदी सोपा आहे, आणि ज्या आईवडिलांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांनाही तो करता येतो. भूगोलातील अक्षवृत्तांचा पाठ वाचून झाल्यावर मुलीने पुस्तक मिटावे, वहीच्या मागच्या पानावर एक वर्तुळ काढावे, मधोमध विषुववृत्त आखावे आणि वरखाली कोणती वृत्ते येतात ते आईला सांगावे. कर्कवृत्त कितीवर, याशी ती अडखळली की पुस्तक उघडून साडेतेवीस अंश एवढेच पाहावे आणि पुन्हा मिटावे. आईला कर्कवृत्त ठाऊक असण्याची गरज नाही. तिने पोळ्या लाटता लाटता ऐकावे आणि ‘मग पुढे काय?’ एवढे विचारावे. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने तीच उजळणी झाली, तर तो पाठ परीक्षेच्या आदल्या रात्री नव्याने वाचण्याची वेळ येत नाही.

जागेचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण मराठी मध्यमवर्गाच्या आणि श्रमिकांच्या कित्येक घरांत अभ्यासाची वेगळी खोली ही कल्पनाच परवडणारी नाही. येथे परळच्या चाळीतील एका खोलीचे स्मरण करणे उचित ठरेल. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात त्या खोलीचे वर्णन आहे: स्वयंपाक, सामान आणि माणसे सारे तेथेच. सुभेदार रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्यानंतरच स्वतः आडवे होत. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांच्या तीव्र बुद्धिमत्तेचे श्रेय कोणालाही देण्याचा येथे हेतू नाही. परंतु वडिलांनी आपल्या झोपेच्या वेळा मुलाच्या वेळापत्रकाला जुळवून घेतल्या, ही गोष्ट आजच्या पालकांनी मनावर घ्यावी अशी आहे. तास मात्र अनुकरणीय नाहीत, कारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप आवश्यक असल्याचे वैद्यकशास्त्र सांगते.

आज अडचण खोलीपेक्षा आवाजाची अधिक आहे. बैठकीत मालिका चालू, वडिलांच्या हातात मोबाईल, आणि कोपऱ्यातील मुलाने मात्र मान वर करू नये, ही अपेक्षा अन्यायाची आहे. क्लासविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. क्लासमध्ये मूल जे ऐकते ते शिकवणे होय. अभ्यास म्हणजे त्यानंतर एकट्याने केलेली उजळणी आणि सोडवलेली गणिते. शाळा आणि दोन क्लास यांतून थकून आलेल्या मुलाकडे त्यासाठी वेळच उरत नसेल, तर क्लासची संख्या कमी करणे हेच हिताचे.

सवय लागण्यास किती दिवस लागतात, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी रोजची सवय अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. काहींना १८ पुरले, तर काहींसाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हा त्यातील निष्कर्ष पालकांना धीर देणारा आहे. म्हणून एका चुकलेल्या दिवसावरून मुलाला आळशी ठरवू नये, आणि शेजारच्या मुलाचे नाव तर काढूच नये.

उपस्थित पालकांना विनंती एवढीच, की संध्याकाळचा एक तास सर्वांनी मिळून ठरवावा, त्या तासात दूरदर्शन संच बंद ठेवावा, मोठ्यांनीही मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा फडताळात ठेवून हाती वर्तमानपत्र, हिशेबाची वही किंवा निवडायची भाजी घेऊन मुलांजवळ बसावे, आणि हे पुढच्या सोमवारपासून न करता आज घरी गेल्यावरच सुरू करावे.