धर्मगुरूंचे घर आणि घरकुलाचे माप

(अल्लीपूर येथे धर्मगुरू निवासाच्या निधीसाठी बोलावलेल्या सभेतील भाषण)



आज आपण एका घरासाठी जमलो आहोत. ज्यांच्यासाठी ते घर बांधायचे ते फादर इथेच बसले आहेत आणि या विषयाने सर्वांत जास्त संकोच त्यांनाच झाला आहे. त्यांच्या दोन खोल्यांची अवस्था आपण रोज पाहतो. पावसाळ्यात स्नानसंस्काराची आणि लग्नांची रजिस्टरे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी लागतात. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातला पारा ४५ अंशांपर्यंत जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा घराची गरज आहे का, यावर मी वेळ घेणार नाही. गरज आहे.

मला बोलायचे आहे ते वेगळ्या प्रश्नावर. आपल्या संस्थेचे काम आदिवासी कुटुंबांत आहे. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिकडच्या एका कोलाम पोडावर मी या घराविषयी सहज बोलले, तेव्हा एक बाई म्हणाली, "ताई, फादरच्या घरावर स्लॅब पडन, चांगलंच हाय. आमच्या घरावर कवा पडन?" ती रागाने बोलली नव्हती. तुऱ्हाट्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून आणि वर कवेलू टाकून तिचे घर उभे आहे. तिने विचारले ते आपल्यालाही कोणी तरी विचारणार आहे. वर्गणी मागायला बाहेर पडण्यापूर्वी त्याचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग असा, की हे घर फादरांचे नाही. फादर बदलून जातील. जाताना त्यांच्या हातात एक पेटी आणि काही पुस्तके असतील. घर धर्मग्रामाचे राहील आणि विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदीत असेल. कोणाच्या पुतण्या-भाच्याला ते वारसाने मिळणार नाही. १९६२ साली चांदा मिशन विभाग स्थापन झाला आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. तेव्हापासून केरळातून किती तरी धर्मगुरू आपल्या या मुलखात आले. घर हजाराहून अधिक किलोमीटर दूर, भाषा नवी, जेवण वेगळे, ऊन असे. आपल्या घरात कोणी आजारी पडले तर आई, बहीण, सून असते. त्यांना ताप आला तर दार उघडायलाही कोणी नसते. धर्मगुरूने चर्चजवळच्या धर्मग्रामाच्या घरात राहावे असे पौर्वात्य ख्रिस्तसभांसाठी १९९० साली जाहीर झालेल्या धर्मसंहितेत सांगितले आहे. तो नियम धर्मगुरूच्या सोयीचा नाही, लोकांच्या सोयीचा आहे. रात्री दोन वाजता कोणाला अखेरच्या संस्कारासाठी बोलवायचे असेल, तर कुठले दार वाजवायचे हे सर्वांना माहीत असावे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा भाग घराच्या मापाचा. पवित्र शास्त्रात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, शूनेम गावच्या बाईची गोष्ट आहे. अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्या घरी जेवायला थांबत असे. तिने नवऱ्याशी बोलून त्याच्यासाठी वर एक लहान खोली बांधून घेतली. आत ठेवले काय? झोपायला पलंग, एक मेज, बसायला आसन आणि दिवा. शास्त्रलेखकाने या चार वस्तू मोजून लिहिल्या आहेत. ती बाई पैसेवाली होती, मनात आणले असते तर तिला पुष्कळ काही करता आले असते. तिने देवाच्या माणसाला काय लागते ते पाहिले आणि तेवढेच केले.

मग आपले माप कोणते? मला वाटते ते आपल्या लोकांच्या घरकुलाचे असावे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागासाठी २०१६ साली नव्याने सुरू झाली. स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर, आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मदत असे तेव्हा ठरले. आदिवासी कुटुंबांसाठी आपल्या राज्याची शबरी घरकुल योजना आहे. एवढ्या जागेत पाच-सहा माणसांचा संसार होतो. माझी सूचना अशी, की आपण दोन घरकुलांएवढेच बांधकाम करावे, ५० चौरस मीटर. एका घरकुलात फादर राहतील. दुसरे घरकुल लोकांचे: ओसरी आणि एक मोठी खोली. पोडावरून दवाखान्यात आलेल्या माणसाला रात्री बस मिळाली नाही तर तो तिथे झोपेल. जातीच्या दाखल्यासाठी आणि वनहक्काच्या दाव्यासाठी येणाऱ्यांचे कागद तिथे भरले जातील. बचत गटाच्या बाया तिथे बसतील. पोडावरच्या त्या बाईला मग आपण सांगू शकू, की या घराच्या अर्ध्या छताखाली तुझी जागा आहे. हे तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नाही, हे मलाही कळते. तिच्या घरकुलाचा अर्ज, जागेचा उतारा, बँकेचे खाते या मागे आपल्या कार्यकर्त्यांनी लागलेच पाहिजे. इथले बांधकाम सुरू आहे म्हणून त्या कामाचा एक दिवसही कमी होता कामा नये.

तिसरा भाग पैशाचा, आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा मानते. आपल्या संस्थेला लोक आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी, औषधांसाठी आणि धान्यासाठी पैसे देतात. देणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत तसे बिगर-ख्रिस्तीही आहेत, आणि लाभ घेणारी बरीच कुटुंबे आपल्या धर्माची नाहीत. त्या पैशातला एक रुपयाही या घराकडे वळता कामा नये, उसना म्हणूनसुद्धा नाही. कायदाही तेच सांगतो. परदेशातून आलेली देणगी ज्या कामासाठी आली त्याच कामाला लावावी लागते. ८०जी खाली आयकराची सूट मिळते ती धर्मादाय कामाच्या देणगीवर. धर्मगुरूंच्या घराला दिलेल्या पैशावर ती पावती आपण फाडू शकत नाही. म्हणून खाते वेगळे, पावतीपुस्तक वेगळे आणि पावतीवर मोठ्या अक्षरांत "धर्मगुरू निवास" असे छापलेले. सूट मिळणार नाही हे देणाऱ्याला आधीच सांगायचे. जे आपल्याला देतील ते ऐकून देतील.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यात एका ख्रिस्ती माणसाने घालून दिलेला धडा आहे. डॉ. जे. सी. कुमारप्पा तंजावरकडचे. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकलेले. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी उभे केले आणि येशूच्या शिकवणुकीवर पुस्तकही लिहिले. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्यांच्या जेवणखर्चाला त्यांनी मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे गेले, तेव्हा त्यांचा जादा खर्चही या निधीतून होणार नाही असे कुमारप्पांनी सांगितले. तो पैसा भूकंपात सर्वस्व गेलेल्यांसाठी आलेला होता. गांधीजींपुढे जो नियम वाकला नाही, तो आपल्या समितीत कोणापुढेच वाकू नये.

पवित्र शास्त्रातही हा प्रश्न नवा नाही. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीसाठी याजक पैसे घेत राहिले. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी दुरुस्ती झाली नव्हती. शेवटी यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत आणि ते थेट सुतार-गवंड्यांसाठी देत. पैसे कोणी खाल्ले असे शास्त्र म्हणत नाही. पण मोजणारे दोन आणि पेटी सर्वांसमोर, असे झाल्यावरच काम पुढे गेले.

इथे मला पुन्हा घरकुल आठवते. घरकुल मिळालेल्या गरीब माणसाला सगळा पैसा एकदम मिळत नाही. जोते झाले, त्याचा फोटो काढला, की पुढचा हप्ता. भिंती वर आल्या, फोटो, मग पुढचा. आपल्या गावातल्या विधवा बाईला सरकार दर टप्प्यावर पुरावा मागते आणि ती निमूटपणे देते. मग आपण शिकली-सवरली मंडळी देणगीदारांना त्याहून कमी हिशेब कसा देणार? प्रत्येक टप्प्याचा फोटो, आलेली रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक चर्चच्या दाराशी फळ्यावर लागेल आणि या वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात छापली जाईल. पैसे मोजताना दोन जण असतील, आणि त्यांतली एक बाई असेल.

आता वर्गणी कोणाकडून आणि कधी. आपल्याकडे हातात पैसा येतो तो कापूस घरात आल्यावर, दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. जून-जुलैत शेतकरी बियाणे आणि खतासाठी स्वतःच उधारी शोधत असतो. त्या महिन्यांत आपण कोणाच्याही दारात पावतीपुस्तक घेऊन जायचे नाही. ज्याला जमेल त्याने एका दिवसाच्या वेचणीचे पैसे द्यावेत, कोणी पायली-दोन पायली तूर द्यावी. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात आणि त्यावर त्यांची मंडळी उभी राहिली. पौलानेही मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचे कौतुक केले ते त्यांनी आपणहून दिले म्हणून. कोणी देणार नसेल तर तो हिशेब देवाचा आहे, आपला नाही. देणाऱ्यांची यादी रकमेसह चर्चमध्ये वाचायची प्रथा या वेळी नको. मोठ्या आकड्याने कोणाची मान उंच होऊ नये आणि लहान आकड्याने कोणाची खाली जाऊ नये.

श्रमदान जरूर घेऊ, पण ज्याची चूल रोजीवर पेटते त्याच्याकडून फुकट काम घ्यायचे नाही. त्याला रोजी द्यायची. मास्तर, नोकरदार आणि माझ्यासारखे पगारी लोक रविवारी मिस्सा झाल्यावर विटा वाहतील.

जागेबद्दल एक शब्द. कोणी श्रद्धेने आदिवासी कुटुंबाची जमीन देऊ केली तरी ती घेऊ नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ने १९७४ पासून आदिवासीची जमीन शासकीय मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. हे संरक्षण आपण पोडापोडावर जाऊन लोकांना समजावतो. आपणच त्याला फट पाडायची नाही.

शेवटी बांधकामाचे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर तीन-चार वर्षांत भिंती तडकतात. खर्चाचा मोठा भाग त्यामुळे जमिनीखाली जाणार आहे. दरवाजासाठी, फरशीसाठी, नावाच्या पाटीसाठी देणगीदार लवकर मिळतात. पायासाठी मिळत नाहीत, कारण तो दिसत नाही. म्हणून आज मी पायासाठी मागते आहे. नकाशा काढण्यापूर्वी दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमध्ये एकदा जाऊन विचारावे, अशीही माझी विनंती आहे. कमी खर्चात थंड राहणाऱ्या घरांवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले आहे.

तर आज इथून उठण्यापूर्वी चार गोष्टी ठराव म्हणून लिहून घेऊ: दोन घरकुलांपेक्षा मोठे बांधायचे नाही, खाते वेगळे ठेवायचे, पेरणीच्या दिवसांत वर्गणी मागायची नाही, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब छापायचा. हे मान्य असेल तर पहिली पावती माझ्या नावाने फाडावी, पायासाठी.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो, ज्यांचे घर अजून व्हायचे आहे त्यांनाही. आमेन.