खटका कां पडतो?

श्रावण सरत आला कीं शहापूर व मुरबाड तालुक्यांतील घराघरांत गणपतीची लगबग सुरू होते. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे धुण्यास निघतात. पूर्वीं हें धुणें नदीवर किंवा विहिरीवर जात असे. आतां पुष्कळ घरांच्या पडवींत अथवा न्हाणींत कपडे धुण्याचें यंत्र, ज्याला सारेच वॉशिंग मशीन म्हणतात, येऊन बसलें आहे. या मुलखांत वीज सावकाश आली. कल्याणहून इगतपुरीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विजेच्या गाड्या १९३० च्या सुमारास धावूं लागल्या. त्या आसनगांव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून जात. परंतु रुळांपासून थोड्या अंतरावरील खेड्यांत त्यानंतरही कित्येक वर्षें रॉकेलच्या चिमण्याच तेवत होत्या. उशिरा आलेल्या या पाहुणीचा स्वभाव ओळखून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

समजावें कीं, किन्हवलीकडील एका घरांत सूनबाईंनीं यंत्रांत चादरी घातल्या, गरम पाण्याची कळ फिरविली आणि यंत्र सुरू केलें. पाणी भरलें, तापूं लागलें, आणि एकाएकीं घरभर अंधार झाला. खटका वर केला. थोड्या वेळानें तो पुन्हां पडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गेल्या आठवड्यांत गार पाण्यांत धुतलेंस, तेव्हां नव्हता पडला." नोकरीनिमित्त कल्याणास असलेला मुलगा फोनवरून म्हणाला, "आई, तो खटकाच बिघडला असेल. वायरमनला सांगून तारा थेट जोडून घे. सणाच्या तोंडावर काम अडायला नको." या दोन बोलण्यांपैकीं सासूबाईंच्या बोलण्यांत रोगाचें निदान आहे, आणि मुलाच्या बोलण्यांत घरावर येऊं पाहणारें संकट आहे.

एकाच पेटींत शेजारीं शेजारीं दिसणारे हे खटके दोन जातींचे असतात. पहिली जात एमसीबीची. तारेंतून शक्तीबाहेर प्रवाह वाहूं लागला, किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या, म्हणजे एमसीबी पडतो. पूर्वींच्या फ्यूजचेंच काम तो करतो. दुसरी जात आरसीसीबीची. तिच्यावर 'टेस्ट' असें लिहिलेलें एक लहान बटण असतें. प्रवाह किती वाहतो हें ती पाहत नाहीं. एका तारेनें गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेनें पुरता परत आला कीं नाहीं, एवढाच हिशेब ती ठेवते. घरगुती आरसीसीबीची मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सुमारें तेहतिसावा हिस्सा, असते. एवढा प्रवाह वाट चुकून जमिनींत गेला तरी ती क्षणार्धांत वीज तोडते. तो यंत्राच्या पत्र्यांतून गेला कीं माणसाच्या देहांतून, हा भेद ती करीत नाहीं.

कोणी म्हणेल, घराला अर्थिंग असतां या दुसऱ्या खटक्याचें प्रयोजन काय? याचें उत्तर येथील जमिनींत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश काळ्या कातळाचा. पुष्कळ ठिकाणीं वर मातीचा पातळ थर, आणि खालीं मुरूम व खडक. पावसाळ्यांत अर्थिंगचा खड्डा ओला असतो. वैशाखांत तो ठणठणीत कोरडा पडतो, आणि वीज जमिनींत सहज शिरत नाहीं. समजा, अशा खड्ड्याचा विरोध ५० ओहम आहे. २३० व्होल्टची तार यंत्राच्या पत्र्याला टेकली, तर जमिनींत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरांच्या आसपास भरेल. १६ अँपिअरांचा एमसीबी त्यानें हलणारही नाहीं. पत्रा मात्र जिवंत तारेसारखा होऊन बसेल, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई त्याला सहज हात लावील. आरसीसीबी मात्र अशा वेळीं तत्काळ पडते.

दोष शोधण्याची रीत साधी आहे. प्रथम कोणता खटका पडला तें पाहावें. मग कोरड्या हातांनीं, पायांत चप्पल घालून, यंत्राचा प्लग काढावा आणि खटका वर करावा. तरीही तो पडला, तर दोष यंत्रांत नसून पाण्याच्या पंपांत, गीझरमध्यें किंवा घराच्या तारांत असण्याचा संभव अधिक. तो टिकला, तर संशय यंत्रावर. अशा वेळीं पुन्हां पुन्हां प्लग लावून पाहूं नये. पूर्वीं खटका नेमका केव्हां पडला तें आठवावें. प्लग लावतांच पडला असेल तर दोरी किंवा प्लग, पाणी भरतांना पडला तर आंतील झडप अथवा गळकी नळी, पाणी तापतांना पडला तर हीटर, पिळतांना पडला तर मोटर, पाणी बाहेर टाकतांना पडला तर लहान पंप, असा क्रम धरावा. ही हकीकत वायरमनला नीट सांगितली, म्हणजे त्याचें अर्धें काम होतें. पुढें मेगर लावून तो खात्री करून घेईल.

या भागांत बिघाडाचीं कारणेंही ओळखीचीं आहेत. बोअरवेलचें पाणी जड असेल तर हीटरवर क्षारांचा थर बसतो. आंतली उष्णता कोंडून वरची नळी तडकते, ओल आंत शिरते आणि प्रवाह पाझरूं लागतो. भाताची साठवण असलेल्या घरांत उंदीर व घुशी यंत्राखालच्या तारा कुरतडतात. पडवींत ठेवलेल्या यंत्रावर चार महिने पावसाची झड येते. यंत्र भिंतींच्या आंत, जमिनीपासून थोडें उंच ठेवलें, तर यांतील पुष्कळ त्रास टळतो.

तीन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. आरसीसीबी वगळून तारा थेट जोडूं नयेत. खटका वारंवार पडतो म्हणून अधिक अँपिअरांचा एमसीबी बसवूं नये. दोन छिद्रांच्या सॉकेटांत बसावा म्हणून प्लगची जाड पिन कापूं नये. अर्थिंगची वाट तीच आहे. याउलट, महिन्यांतून एकदां 'टेस्ट'चें बटण दाबावें. खटका पडला नाहीं, तर तो निकामी झाला असें समजून बदलून घ्यावा.

किन्हवलीच्या त्या घरीं वायरमन आला, त्यानें सासूबाईंचें बोलणें ऐकून घेतलें आणि हीटर तपासला. नळी तडकलेली निघाली. नवा हीटर बसेपर्यंत प्लग काढून ठेवण्यास सांगून तो गेला. चादरी त्या दिवशीं विहिरीवर हातानेंच धुतल्या गेल्या, आणि त्याला दुपार लागली. संध्याकाळीं मुलाचा फोन आला, तेव्हां सूनबाईंनीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, खटका अजून जागच्या जागीं आहे, आणि तो तसाच राहणार आहे.