आधी चोच, मग चाल



हिवाळ्यात अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर,
किंवा ठाण्याच्या खाडीकाठी जाऊन बघा.
चिखलात लहानमोठे पक्षी चरत असतात.
आणि बहुतेक सगळे मातकट रंगाचे!
नवख्याची फजिती होते ती इथेच.

म्हणून रंग सोडा.
आधी चोच बघा.
मग चाल बघा.

चिखल्या घ्या.
चोच आखूड, डोळे मोठे.
तो तुरुतुरु धावतो…
आणि एकदम थबकतो,
'स्टॅच्यू' खेळणाऱ्या पोरासारखा.
मग वाकून किडा टिपतो.
तो भक्ष्य डोळ्यांनी हेरतो ना!

कर्ल्यूची तऱ्हा वेगळी.
त्याची चोच लांबलचक, खाली वाकलेली.
ती बिळात खोल घालून
तो खेकडा बाहेर ओढतो.

तुतवार सर्वांत सोपा.
नुसता उभा असला,
तरी त्याची शेपटी वर-खाली हलत असते.
माझं ऐकाल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करा.

पुन्हा सांगते.
आधी चोच, मग चाल.
रंग सगळ्यात शेवटी.

आता वेळ कोणती?
पूर्ण ओहोटीला पक्षी लांबवर पांगतात.
भरती चढू लागली,
की पाणी त्यांना काठाकडे आणतं.
तेव्हा साधी दुर्बीणही पुरते.
भरतीची वेळ कोळीवाड्यात विचारा.
तिथली जाणती मंडळी तिथीवरून सांगतात.

थव्यात मात्र घुसू नका.
काही चिखल्या लडाख-तिबेटकडून आलेले असतात.
परतीच्या प्रवासासाठी त्यांना चरबी साठवायची असते.
उगाच उडावं लागलं, की ती खर्च होते.
सोबत कुत्रा असेल,
तर त्याला साखळीलाच ठेवा.